प्रवेश मिळाला, पण बसायचे कुठे?



बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात काही आठवडे एकच विषय असतो. कुणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली, कुणाच्या मुलीचे नाव दुसऱ्या यादीत आले, कोणत्या कॉलेजची फी किती, हॉस्टेल आहे का, एस. टी. थेट जाते का. फीची पावती हातात आली आणि ओळखपत्र मिळाले की घरातली वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलगी लागली, आता पुढचे तिचे तिने पाहावे. यात गैर काहीच नाही. ज्या घरातले कुणी पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढत असते, त्या घराला ती पावतीसुद्धा मोठी वाटणारच.

परंतु शिक्षणाचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि तिच्याकडे आपले लक्ष वेधावे म्हणून हा लेख लिहीत आहे. विद्यापीठाच्या दप्तरी नाव दाखल होणे ही एक गोष्ट. विद्यापीठाच्या इमारतीत इतरांच्या बरोबरीने वावरता येणे ही दुसरी. वर्गात कोणत्या बाकावर बसायचे, ग्रंथालयाच्या कोणत्या दालनात शिरायचे, पाण्याच्या कोणत्या माठाला हात लावायचा, जेवणघरात कुठल्या टेबलाशी बसायचे, हे प्रवेशअर्जावर कुठेच छापलेले नसते. बाहेरचे मोठे दार उघडल्यानंतर ही आतली दारे उघडायला कधी दोन वर्षे लागली, कधी तीस, तर कधी अर्धशतकाहूनही अधिक.

सर्वांत उघड उदाहरण अमेरिकेतले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. जॉर्ज मॅक्लॉरिन हे ओक्लाहोमा राज्यातले एक कृष्णवर्णीय शिक्षक. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ होती, आयुष्य शिकवण्यात गेले होते आणि आता शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करावी अशी त्यांची इच्छा होती. तशी सोय नॉर्मन या गावच्या राज्य विद्यापीठातच होती. त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता. अशी शाळा चालवणारा, तिथे शिकवणारा आणि तिथे शिकणारा, तिघेही त्यात गुन्हेगार ठरत. मॅक्लॉरिन न्यायालयात गेले. जे शिक्षण राज्य गोऱ्यांना देते ते यांनाही दिले पाहिजे, असा निर्णय झाला आणि १९४८ च्या ऑक्टोबरात विद्यापीठाने त्यांना दाखल करून घेतले. पुढे कायदेमंडळाने कायदाही बदलला, पण बदलताना त्याला एक शेपूट जोडले. अशा विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, परंतु अलग ठेवून द्यावा!

आता हे अलग ठेवणे म्हणजे काय, ते पाहा. वर्गाच्या दालनाला लागून एक छोटी खोली होती. मॅक्लॉरिन यांचे बाक त्या खोलीत मांडले. मधल्या मोकळ्या जागेतून वर्गात चाललेले पाहायचे आणि ऐकायचे. ग्रंथालयात इतर विद्यार्थी वाचनकक्षातल्या टेबलांशी बसत. यांच्यासाठी वरच्या अर्ध्या माडीवर एक टेबल नेमून दिलेले होते आणि वाचनकक्षातल्या टेबलाशी बसायला त्यांना मनाई होती. उपाहारगृहात त्यांचे टेबल वेगळे होते, आणि तिथे त्यांनी यायचे ते इतरांच्या जेवणाच्या वेळा टाळून.

त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सूट घातलेले, केस पिकलेले एक प्रौढ गृहस्थ बाकावर एकटे बसले आहेत आणि पलीकडे निम्म्या वयाची मुले वर्गात बसली आहेत. ते चित्र पाहताना मला नेहमी वाटते की, या माणसाला बाहेर ठेवले आहे की आत घेतले आहे, हे पाहणाऱ्याला सांगताच येऊ नये, इतकी ती व्यवस्था हुशारीने केलेली होती.

मॅक्लॉरिन पुन्हा न्यायालयात गेले. दाद मागितली म्हटल्यावर व्यवस्थेत थोडे थोडे बदल होऊ लागले. बाक शेजारच्या खोलीतून वर्गात आले, पण त्याभोवती कठडा उभारला गेला आणि ही जागा काळ्यांसाठी राखीव असल्याची पाटी तिथे लागली. मग पाटी निघाली. मग कठड्याऐवजी वर्गातली एक रांग काळ्या विद्यार्थ्यांसाठी ठरली. ग्रंथालयातले टेबल माडीवरून खालच्या मजल्यावर आले, पण ते नेमून दिलेलेच राहिले. जेवायची वेळ सर्वांबरोबर झाली, टेबल मात्र वेगळे. आता राज्याचे म्हणणे असे की, उरले आहे ते नाममात्र आहे. फी तीच, प्राध्यापक तेच, पुस्तके तीच. मग तक्रार कसली?

पालकहो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा नाही. मॅक्लॉरिन यांना फळा दिसत होता. प्राध्यापकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ग्रंथालयातले कुठलेही पुस्तक त्यांना मागता येत होते. शिक्षण म्हणजे फळ्यावरून वहीत उतरवून घेणे एवढेच असेल, तर त्यांचे खरोखरच काही अडत नव्हते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जून १९५० रोजी एकमताने निकाल दिला तो नेमका याच मुद्द्यावर. सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी लिहिलेल्या या निकालपत्राचा आशय असा की, या बंधनांमुळे त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासात, सहाध्यायांशी चर्चा करण्यात, विचारांची देवघेव करण्यात आणि एकंदरीतच आपला व्यवसाय शिकण्यात अडथळा येतो. हा माणूस उद्या इतरांना शिकवणार. त्याचे शिक्षण जितके अपुरे राहील तितके त्याच्या विद्यार्थ्यांचेही अपुरे राहील. आणखी एक गोष्ट त्या न्यायमूर्तींनी स्पष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. कठडा काढला म्हणजे शेजारचा विद्यार्थी लगेच मैत्री करील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण एखाद्याने स्वतःहून न बोलणे वेगळे आणि सरकारने त्याला बोलू न देणे वेगळे. आपल्या गुणांवर लोकांची मने जिंकण्याची संधी सरकारने हिरावून घेऊ नये, एवढे तरी झालेच पाहिजे.

त्याच दिवशी टेक्सास राज्यातल्या एका खटल्याचाही निकाल लागला. तिथे हेमन स्वेट नावाच्या कृष्णवर्णीय अर्जदाराला विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात घ्यावे लागू नये म्हणून राज्याने काळ्यांसाठी निराळे लॉ कॉलेजच काढले होते. गोऱ्यांच्या कॉलेजात ८५० विद्यार्थी आणि ६५,००० वर ग्रंथ. या नव्या कॉलेजात २३ विद्यार्थी आणि सुमारे १६,५०० ग्रंथ. परंतु न्यायालय केवळ ग्रंथ मोजत बसले नाही. ज्या लोकांमध्ये उद्या वकिली करायची त्यांच्यापासून तोडून वकील घडवता येत नाही, असे त्याने सांगितले आणि विद्यापीठाचे दार स्वेट यांना उघडून दिले. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा जो मोठा निकाल झाला, त्यात या दोन्ही खटल्यांचा आधार घेतलेला आहे.

ओक्लाहोमाचे प्रकरण सोडण्यापूर्वी एका महिलेचे नाव घेतले पाहिजे. एडा लोइस सिपुएल यांनी मॅक्लॉरिन यांच्याही आधी, १९४६ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या लॉ कॉलेजकडे अर्ज केला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने सांगितले तेव्हा राज्याने काही दिवसांत विधानभवनातल्या खोल्यांमध्ये एक कॉलेज उभे केले! त्या तिथे गेल्या नाहीत. अखेर १९४९ मध्ये त्यांना नॉर्मनला प्रवेश मिळाला आणि वर्गात मागे, इतरांपासून अलग, पाटी लावलेल्या खुर्चीवर बसून त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. १९९२ मध्ये त्यांची नेमणूक विद्यापीठाच्या नियामक मंडळावर झाली. ज्या मंडळाच्या नावे त्यांचा खटला चालला होता, तेच हे मंडळ.

हे सारे वाचून अमेरिकेला नावे ठेवायचा मोह होईल. तसे करण्यापूर्वी आपल्या मुंबईचे एक उदाहरण आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कठडे आणि पाट्या होत्या, त्याच काळात या उत्तरेकडच्या विद्यापीठात एका अस्पृश्य समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला कोणी वेगळे टेबल नेमून दिले नाही. तिथल्या मित्रांविषयी आणि अध्यापकांविषयी बाबासाहेब पुढे जन्मभर जिव्हाळ्याने बोलत. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आता ते विद्यार्थी नव्हते, वर्गात त्यांच्यासाठी खास खुर्ची होती आणि त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचे एक भांडे होते. त्यातले पाणी यांनी पिऊ नये, म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली.

विचार करा. कॉलेज सरकारी होते. जातीवरून बंदी करणारा कुठलाही कायदा तिथे नव्हता, पाटी नव्हती, कठडा नव्हता. ओक्लाहोमात जे कायद्याने केले ते इथे एका माठाने केले. आणि कायदा न्यायालयात नेता येतो; माठाच्या विरुद्ध फिर्याद कुठे करायची? बाबासाहेबांनी पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच्या इमारतीत त्यांनी स्वतः किती लक्ष घातले, हे मराठवाड्यातले जुने लोक सांगत असत. ज्याला माठापाशी अडवले गेले, तो माणूस इमारतीच्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालणारच.

आता थोडे मागे जाऊ, कारण महाराष्ट्राच्याच एका मुलीला हा अनुभव दोन देशांत आला.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. घराणे मूळचे पारशी, वडील ख्रिस्ती झालेले, बालपण पुण्यात गेलेले. आईने पुण्यात शाळा चालवली. मुंबई विद्यापीठाने पदव्यांचे दार स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले होते, म्हणून कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात दाखल होऊ शकल्या. पण वर्गाची दारे? त्यांनी आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की, त्या वर्गात येऊ नयेत म्हणून मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. या मुलीने त्याच कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवी घेतली. तिच्या गुणांवर विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती; ती स्त्री असल्याने मिळाली नाही. काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज म्हणजे आपल्याकडे शिक्षणाची काशी समजली जाते. तिथली दारे कशी होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १५८१ पासून ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. कॅथलिक, ज्यू आणि इतर पंथांची माणसे त्यामुळे दारातच अडत. केंब्रिजमध्ये शिकता येई, सही पदवी घेताना लागे. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा ज्यू विद्यार्थी १८३७ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत सबंध विद्यापीठात दुसरा आला आणि पदवीशिवाय बाहेर पडला. १८७१ मध्ये कायद्याने ही धार्मिक अट बहुतेक ठिकाणी रद्द झाली आणि १८७२ मध्ये त्याला पदवी मिळाली. तोवर तो जगप्रसिद्ध गणिती झाला होता! मधल्या काळात त्याला प्राध्यापकी दिली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने. १८२६ मध्ये निघालेल्या या कॉलेजात धर्म विचारला जात नसे. आपले दादाभाई नवरोजीही १८५६ मध्ये तिथेच गुजरातीचे प्राध्यापक झाले.

असो. कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोहोचल्या तेव्हा धर्माची अट गेली होती, स्त्रीपणाची राहिली होती. त्यांना कायदा शिकायचा होता. कायद्याची पुस्तके ऑल सोल्स या कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात होती आणि तिथे कोणत्याही स्त्रीला बसून वाचण्याची परवानगी मिळालेली नव्हती. कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी ती कॉर्नेलियांना दिली. त्या ग्रंथालयात वाचायला बसलेली पहिली स्त्री नाशिकमध्ये जन्मलेली होती, हे आपल्या मुलींना शाळेत कुणी सांगत नाही. जाता जाता हेही सांगतो की, ते भव्य दालन ज्या कॉड्रिंग्टनच्या देणगीतून उभे राहिले, त्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टावर झालेल्या साखरेची होती. २०२० मध्ये कॉलेजने ग्रंथालयाचे ते नाव वापरणे बंद केले.

१८९२ मध्ये कॉर्नेलिया कायद्याच्या पदवीपरीक्षेला बसल्या. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि १९२२ मध्ये त्यांना पदवी मिळाली. तीस वर्षे! त्या तीस वर्षांत त्या हिंदुस्थानात परतल्या होत्या आणि बंगालमध्ये पडदानशीन स्त्रियांच्या, हिंदू आणि मुसलमान दोन्ही घराण्यांतल्या, जमीनजुमल्याच्या कज्ज्यांत सरकारच्या सल्लागार म्हणून काम करून चुकल्या होत्या. ज्या घरांच्या माजघरात पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नसे, तिथे त्या जात. बंद दाराच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या.

केंब्रिजने तर त्याहून उशीर केला. तिथे १८८१ पासून मुली परीक्षेला बसत होत्या, पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळाली १९४८ मध्ये. १९२१ साली मुलींना पूर्ण सभासदत्व नाकारणारे मतदान झाले तेव्हा विजयाच्या भरात तरुणांचा एक जमाव न्यूनॅम या मुलींच्या कॉलेजवर चालून गेला आणि हातगाडीची धडक देऊन त्यांनी कॉलेजच्या पहिल्या प्राचार्या मिस क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेले फाटक मोडले. मुली आत येऊ नयेत म्हणून मुलींचेच दार फोडायचे, हा न्याय फक्त सुशिक्षितांनाच सुचू शकतो. इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ मध्ये केंब्रिजच्या मुलींपुढे जी व्याख्याने दिली, त्यांतून झालेल्या त्यांच्या पुस्तकातली स्त्री कॉलेजच्या हिरवळीवरून हटकली जाते आणि ग्रंथालयाच्या दारातून परत पाठवली जाते. आत यायचे तर कॉलेजच्या एखाद्या फेलोला सोबत आणा किंवा त्याची चिठ्ठी आणा, असे तिला सांगण्यात येते.

आता कारणांकडे वळू. मित्रहो, दार बंद ठेवणारा माणूस 'तू हलका आहेस' असे तोंडावर क्वचितच सांगतो. तो म्हणतो, 'जागा नाही.' किंवा म्हणतो, 'शिस्तीचा प्रश्न येईल.' अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात १९४९ मध्ये लॅमॉन्ट नावाचे नवे ग्रंथालय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उघडले. त्या वेळी रॅडक्लिफ या जोडकॉलेजातल्या मुली हार्वर्डच्याच वर्गांत मुलांबरोबर शिकत होत्या, पण लॅमॉन्टमध्ये त्यांना बंदी होती. इमारतीत कोनेकोपरे फार आहेत, मुली आल्या तर देखरेख कोण करणार, असे सांगितले गेले. १९६७ मध्ये बंदी उठली. ते कोनेकोपरे इमारतीत आजही आहेत.

जागेची अडचण खोटीच असते असे मी म्हणत नाही. आपल्या संस्थांच्या वाचनालयांत परीक्षेच्या दिवसांत खुर्चीसाठी कशी धावपळ होते, ते सर्वांनी पाहिलेले आहे. प्रश्न असा की, शंभर खुर्च्या आणि दोनशे विद्यार्थी असतील तर बाहेर कुणी उभे राहायचे? आधी येईल तो आधी बसेल, पाळ्या लावू, वेळ वाढवू, असे अनेक मार्ग निघतात. पण बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेले असते आणि कारण मागाहून शोधले जाते.

हे आपल्या घरचेच आहे, म्हणून आता अलीगढविषयी लिहितो. आणि तिथल्या थोर परंपरेविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये लावलेल्या रोपाचे १९२० मध्ये विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती एक महिला होत्या, भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम. जगातल्या किती विद्यापीठांना त्या काळी असे सांगता आले असते? त्याआधीच, १९०६ मध्ये, शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढमध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. मुलींना शिकवायचे म्हटल्यावर केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना आजच्या मुलींना यायची नाही. पतिपत्नींनी ती शाळा वसतिगृहासह वाढवली आणि तिचेच पुढे विद्यापीठाचे महिला महाविद्यालय झाले. विद्यार्थिनींच्या कित्येक पिढ्या या दांपत्याला पापा मियाँ आणि आला बी म्हणून ओळखतात.

महिला महाविद्यालयाची वास्तू विद्यापीठाच्या मुख्य आवारापासून अलग आहे. मुख्य आवारात मौलाना आझाद ग्रंथालय आहे. त्याची सात मजली इमारत १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली. देशातल्या मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांत त्याची गणना होते आणि तिथली अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखिते पाहायला जगभरचे अभ्यासक येतात. पदव्युत्तर वर्गांतल्या आणि संशोधन करणाऱ्या मुली तिथे बसत असत. पण महिला महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना त्या ग्रंथालयाचे सदस्यत्व नव्हते. पदवी घेणारी मुले मात्र सदस्य होती. मुलींच्या महाविद्यालयाला स्वतःचे ग्रंथालय आहे, हवे असेल ते पुस्तक मुख्य ग्रंथालयातून मागवता येते, असे उत्तर दिले जाई.

हे उत्तर ओळखीचे वाटते ना? पुस्तके तीच, मग तक्रार कसली?

नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यार्थिनींची जुनीच मागणी पुन्हा पुढे आली. मुली आल्या तर मुलांची गर्दी चौपट होईल, अशा अर्थाचे कुलगुरूंचे उद्गार वर्तमानपत्रांत छापून आले आणि देशभर गदारोळ झाला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, अडचण मुलींची नसून जागेची आहे, वाचनकक्ष आधीच भरलेला असतो. ते भरलेले असणे खरे होते. आणि टीका करणाऱ्या काहींना मुलींच्या वाचनापेक्षा एका मुस्लिम संस्थेला झोडपण्यात अधिक रस होता, हेही तितकेच खरे होते. पण टीकाकाराचा हेतू वाईट असला म्हणून मुलींचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. भरलेल्या कक्षातल्या खुर्च्यांवर कोण बसले होते? तिथे जागा अपुरी पडली तर मुलांपैकी कुणाचे सदस्यत्व रद्द होत नसे.

अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. तेव्हा तिथले मुख्य न्यायमूर्ती आपल्या महाराष्ट्राचे धनंजय चंद्रचूड होते. त्यांच्या खंडपीठासमोर प्रकरण आले आणि त्याच महिन्यात पदवीच्या विद्यार्थिनींनाही मौलाना आझाद ग्रंथालयाचे सदस्यत्व खुले झाले. इमारत तीच राहिली, खुर्च्या रातोरात वाढल्या नाहीत, आणि जे होईल म्हणून भीती घातली गेली होती ते झाल्याचे ऐकिवात नाही.

सदस्यत्व झाले, तरी घड्याळ आहेच. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक त्याआधीच बंद, ही स्थिती देशातल्या अनेक विद्यापीठांत आहे. २०१५ मध्ये दिल्लीत जामिया मिल्लियाने वसतिगृहातल्या मुलींना रात्री उशिरा बाहेर राहण्याची सवलत बंद केली, त्यातून शहरभरच्या विद्यार्थिनींची चळवळ उभी राहिली. वसतिगृहाची वेळ हा पालकांच्या काळजीचा विषय आहे, हे मी जाणतो. मुलगी सुरक्षित असावी असे कुणाला वाटत नाही? परंतु यंदा मुलीला कॉलेजात घालायला जाल तेव्हा ऑफिसच्या खिडकीपाशी थांबू नका. जिना चढून ग्रंथालयात जा. ते किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, कपाटाशी जाऊन पुस्तक हातात घेता येते की चिठ्ठी लिहून खिडकीतून मागावे लागते, मुली कुठे बसतात, आणि वसतिगृहापासून तिथवर यायच्या रस्त्यावर रात्री दिवे असतात का, हे पाहा. दिवे नसतील तर दिवे लावायला सांगा. मुलीला लवकर आत बोलावणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे आणि म्हणूनच तो सर्वत्र आधी सुचतो.

अलीगढमध्ये २०१४ सालीच महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी प्रा. नईमा खातून आल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये त्यांची विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नेमणूक झाली. सुलतान जहाँ बेगम कुलपती झाल्या त्याला तेव्हा एकशे चार वर्षे होत होती आणि या अवधीत कुलगुरूंच्या खुर्चीवर एकही स्त्री बसलेली नव्हती.